मधल्या साहेबामागे चार दिवस

पालघरला मी हवा बदलायला गेलो होतो, असं कॉलेजातल्या लोकांना सांगितलं होतं. ते खोटं होतं. पुण्याची हवा मला उत्तम मानवते. मी गेलो होतो नोकरीसाठी. ती नोकरी मिळवून देणं ज्याच्या हातात होतं, तो माणूस म्हणजे माझा वर्गमित्र दिगंबर. आम्ही त्याला दिग्या म्हणतो. सध्या त्याला दिग्या म्हणणारा मी एकटाच उरलो आहे.

कॉलेजात आम्ही पदार्थविज्ञान घेतलं तेव्हा पहिला वर्ग मला मिळाला, दिग्याला दुसरा. माझी जर्नलं उतरवून तो पास झाला. पुढे समुद्राचं पाणी तपासणाऱ्या एका मोठ्या जागतिक संस्थेत शास्त्रज्ञाची एक जागा निघाली. (संस्थेचं नाव छापायचं नाही, अशी दिग्याची अट आहे.) आम्ही दोघांनी अर्ज केले. त्या जागेवर अमेरिकेने आपला माणूस सुचवला, तो रशियाला नको. रशियाने आपला सुचवला, तो अमेरिकेला नको. वर्षभर खुर्ची रिकामी. शेवटी दोघांनाही ज्याच्याबद्दल काही म्हणायचं नाही असा माणूस शोधायला सुरुवात झाली. माझ्या अर्जात मी मोठ्या दिमाखाने लिहिलं होतं: ‘रशियन भाषा उत्तम अवगत.’ रशियन शोधनिबंध मूळ भाषेत वाचता यावेत म्हणून मी तीन वर्षं संध्याकाळचा वर्ग केला होता. त्या एका ओळीवर अमेरिकेने माझं नाव खोडलं. दिग्याच्या अर्जात खोडण्यासारखं काही नव्हतंच. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात तो असा. दिग्या परदेशी गेला आणि मी वर्गात भिंगाची आकृती काढत राहिलो.

मला त्याचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना वाचकाला कोड्यात पडायला नको.

तर त्या हिवाळ्यात दिग्याचं पत्र आलं. तारापूरच्या बाजूला अणुविजेचं मोठं केंद्र उभं राहतं आहे, ते सुरू होण्याआधी आसपासचं पाणी आणि मासळी कशी आहे याची नोंद त्याच्या संस्थेला हवी होती. एक अमेरिकन तज्ज्ञ, एक रशियन तज्ज्ञ आणि मध्ये दिग्या असे तिघे येणार होते. ‘मला एक साहाय्यक घ्यायचा आहे,’ त्याने लिहिलं होतं. ‘अट एकच. या दोघांपैकी कुणाचीच हरकत नको. तू चार दिवस आमच्याबरोबर नुसता हिंड. दोघांनी मान हलवली की तुझं नाव पाठवतो.’

पत्र वाचून आनंद झाला आणि त्याच क्षणी पोटात दुखायलाही लागलं. दिग्याच्या हाताखाली! पण गेलो.

पालघर

गाडीतून उतरलो तर फलाटावर दिग्या उभा. अंगात बिनसुरकुतीचा परदेशी शर्ट, पायात रबरी तळव्याचे बूट, खांद्याला चेन असलेली पिशवी. त्याने मला मिठी मारली आणि माझी वळकटी स्वतः उचलली. हेही मला आवडलं नाही. मोठेपणा मिळालेल्या माणसाने थोडा तरी शिष्टपणा करावा, म्हणजे आपल्याला त्याला नावं ठेवता येतात.

उतरायला सरकारी विश्रामगृह होतं. समोरासमोर दोन खोल्या, अगदी सारख्या. सारख्या म्हणजे किती, तर एका खोलीत आरसा नव्हता म्हणून दिग्याने दुसरीतला आरसा काढून ठेवला होता. मला हसू आलं. तो म्हणाला, “हसू नकोस विन्या. मागच्या वेळी एका किनाऱ्यावर एकाच्या खोलीला पडदे होते आणि दुसऱ्याच्या नव्हते. दोन दिवस काम बंद.”

“मग तू कुठे झोपतोस?”

“व्हरांड्यात. बरोबर मधे.”

व्हरांड्यात खाट होती, तिला पांढरी स्वच्छ मच्छरदाणी होती, उशाशी परदेशी थर्मास होता. माझी सोय मागच्या सामानाच्या खोलीत, बाटल्यांच्या खोक्यांजवळ. पालघरच्या डासांनी त्या रात्री आपला पक्षपात दाखवला.

सकाळी चहाला दोघे तज्ज्ञ भेटले. अमेरिकन ताडमाड उंच, डोक्यावर रुंद काठाची टोपी, तोंडात न पेटवलेला पाइप. रशियन बुटका, जाड भिंगांचा चष्मा, कमी बोलणारा. दोघांचं एकमेकांशी भांडण मुळीच नव्हतं. “गुड मॉर्निंग” अगदी प्रेमाने झालं. पण एकाच्या किटलीतला चहा दुसरा घेत नव्हता. मी दिग्याला बाजूला घेऊन विचारलं, तर तो म्हणाला, “माणसं दोघंही भली आहेत. पण दोघांनाही घरी जाऊन सांगावं लागतं.”

अशा संस्थेत काम कसं चालतं, ते त्याने चहा पिता पिता सांगितलं. टाइपिस्ट दोन, एक इकडच्या गोटातली, एक तिकडच्या. ठरावातल्या एका शब्दावर तीन दिवस बैठक. पाण्याचा नमुना एकाने घेतला की त्याच जागी दुसरा घेणार, कारण पहिल्याच्या बाटलीवर दुसऱ्याचा विश्वास नाही. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर उघडायची म्हणून तिसरी बाटली दिग्याची.

“आणि उघडतात ती?”

“आजवर नाही. कुठल्या तारखेला उघडायची यावर एकमत होत नाही.”

म्हणजे माझ्या मित्राचा पगार, बूट, थर्मास आणि मान हे सगळं एका न उघडलेल्या बाटलीवर चाललं होतं. ही नोकरी मला मिळायला काय हरकत होती? न उघडलेल्या बाटल्या मी त्याच्यापेक्षा चांगल्या सांभाळल्या असत्या.

बोईसर ते बेटेगाव

बोईसरला नवीनच धांदल दिसली. बांधकामाचे मजूर, लोखंडाने भरलेले ट्रक, हिंदीत चाललेली ओरडाआरड. टपरीवर मिसळ आणि कडक चहा. दोन्ही साहेब एका जीपमध्ये बसणार नाहीत म्हणून जीप दोन, आणि तिथेच घोळ झाला. रस्ता कच्चा, धूळ गुडघाभर. जो मागे राहील त्याला पुढच्याची धूळ खावी लागणार. ड्रायव्हर उत्तरेकडचा होता, त्याने सरळ विचारलं, “साहब, धूल किसको खिलानी है?”

दिग्याने पापणीसुद्धा न हलवता उत्तर दिलं, “आधे रास्ते इनको, आधे रास्ते उनको.” अर्ध्यावर चिंचेचं एक मोठं झाड होतं. तिथे जीप थांबल्या, मागची पुढे गेली, पुढची मागे आली. दिग्यानेही तिथे जीप बदलली. दोघेही साहेब समाधानाने धूळ झाडत बसले. मी मात्र मागच्या बाकावर बाटल्यांच्या खोक्यावर बसलेला, मला दोन्ही वेळा धूळ मिळाली. त्या बाजूच्या लोकांनी तोवर आम्हाला नावं पाडली होती, ती मला वाटेतच कळली. टोपीवाला, चष्मेवाला, मधला साहेब. आणि मी मागला साहेब.

बेटेगावला डोंगराच्या कुशीत लाडकू नावाच्या म्हाताऱ्याचं शेत आहे. शेत कसलं, पावसावर पिकणारे चार तुकडे. दोन मुलगे वीटभट्टीवर गेलेले, घरी तो, त्याची बायको आणि एक विहीर. समुद्रापासून आतल्या पाण्याचा नमुना त्या विहिरीतून घ्यायचा होता. टोपीवाल्याने आपला दोर आणि आपली बादली सोडली. मग चष्मेवाल्याने आपला दोर, आपली बादली. मग दिग्याने. लाडकू कमरेवर हात ठेवून बघत होता.

“पानी येकच हाय ना साहेब?” त्याने मला विचारलं.

“एकच आहे.”

“मंग बाटल्या तीन कशाला?”

मी म्हटलं, “दोन मोठे देश आहेत. त्यांचा एकमेकांवर विश्वास नाही.”

लाडकूने थोडा विचार केला. “आमच्या पाड्यावर दोन भाव हायेत, बोलत नाय येकमेकांशी. पन पानी येकाच हिरीचा पितात. त्यांच्यात हिरीला काय बोल नाय.” मग दिग्याकडे हनुवटी करून म्हणाला, “तो मधला साहेब बरा वाटतो. कुनाचा नाय तो.”

मला हे बोचलं. मीही कुणाचा नव्हतो. पण ते कुणाच्या ध्यानात येत नव्हतं.

लाडकूच्या बायकोने नागलीची भाकर आणि सुक्या जवळ्याची चटणी दिली. आमच्याकडे पुण्यात पाहुण्याला आधी विचारतात, जेवून आलात ना? इथे विचारलंच नाही, ताट पुढे ठेवलं. नागलीची भाकर मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली. पहिला घास घशात अडकला, चौथ्या घासाला मी आणखी मागितली. अंगणात पळसाच्या झाडाखाली आम्ही चौघे बसलो होतो, आणि तिथेच माझी पहिली चूक झाली.

चष्मेवाल्याच्या बाटलीवरची चिठ्ठी भिजून शाई फुटली होती. तो आपल्या भाषेत पुटपुटला, “आता हे कुणाला वाचता येणार?” दिग्याने हसून मान हलवली. त्याला एक अक्षर कळलं नव्हतं. हे मी पाहिलं. तीन वर्षांच्या संध्याकाळच्या वर्गाने माझ्या आत एकदम उसळी मारली. निघताना ठरवलं होतं की रशियनचा एक शब्द तोंडातून काढायचा नाही. पण दिग्याला येत नाही आणि मला येतं, हे दाखवायची अशी संधी पुन्हा कधी येणार होती? मी रशियनमध्ये म्हणालो, “पेन्सिलीने लिहा. पेन्सिल फुटत नाही.”

चष्मेवाल्याचे डोळे भिंगामागे दुप्पट झाले. मग त्याने मला घर विचारलं, बायकोमुलं विचारली, मी कुठले निबंध वाचले ते विचारलं. मी धडाधडा बोलत होतो. अर्धा तास. दिग्या दोनदा माझ्या पायावर पाय देऊन गेला. मला वाटलं, जळतोय. किती वर्षांनी उलटी गंगा वाहत होती! मी मान वर केली तेव्हा टोपीवाल्याने तोंडातला पाइप काढून हातात धरला होता आणि तो माझ्याकडे शांतपणे बघत होता.

परतताना चिंचेखाली जीप थांबल्या तेव्हा दिग्या जवळ येऊन म्हणाला, “विन्या, काय केलंस हे?”

“दोन शब्द बोललो.”

“मी सहा महिने झाले एकाशी दोन वाक्यं बोललो की घड्याळ लावून दुसऱ्याशी दोन बोलतो. उद्या टोपीवाल्याशी बोल काहीतरी. नाहीतर गेलास.”

मी ‘हं’ म्हटलं. पण माझ्या डोक्यात ‘गेलास’ हा शब्द दांडीपर्यंत वाजत राहिला.

दांडी

दांडीला पोचलो तेव्हा उन्हाला नुकती धार येत होती. वाळूवर बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांडी, होड्या, जाळी. पूर्वेला ताडाची झाडं आणि त्यांच्या पलीकडे डोंगर. पश्चिमेला राखाडी समुद्र. वास असा की पहिली पाच मिनिटं बोलवत नाही आणि मग भूक लागते.

इथली मासळी देणार होती रखमाबाय. साठीची बाई, नऊवार लुगडं घट्ट कसलेलं, आवाज दर्यावरून ऐकू जाईल असा. तिच्या घरची होडी भरतीबरोबर आली होती. टोपलीतून मासे वाळूवर पडले आणि त्यात निघाली एक घोळ. हातभर लांब, पोटाशी पिवळसर चकाकणारी. बाकी सरंगे, बोंबील, मांदेली.

दोन्ही साहेब एकदम पुढे आले. मोठा मासा म्हणजे जास्त वर्षं या पाण्यात राहिलेला. पाण्याची सगळी कहाणी त्याच्या हाडात. एकच होता आणि कापला तर नमुना बिघडतो. टोपीवाला म्हणाला, आम्ही घेतो, आकडे सगळ्यांना देऊ. चष्मेवाला म्हणाला, तेच आम्ही करू. अगदी सभ्यपणे. अर्धा तास. दिग्या मध्ये उभा राहून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे मान फिरवत होता. रखमाबायच्या पायाशी घोळ तडफडायची थांबली तरी यांचं चालूच.

शेवटी रखमाबाय कावली. “अवो साहेब, मासा वास मारंल आता! तीन वाटे घाला नी सुटा.”

तिने स्वतः वाळूत ओळीने तीन वाटे घातले. एकात घोळ आणि वर दोनचार मांदेली, मधल्यात सरंगे, तिसऱ्यात बोंबील आणि बारीक मासळी भरपूर. तिच्या हिशेबी तिन्ही सारखे. मग तिने रीत सांगितली. ज्याला वाटा नाही अशा एकाने पाठ करून उभं राहायचं. मागे ती एका वाट्यावर हात ठेवून विचारणार, ह्यो कुनाचा? त्याने न बघता नाव घ्यायचं. मग त्यावर कुणी चकार शब्द काढायचा नाही. भावाभावांत, होडीहोडीत असंच चालतं.

मला ही रीत फार आवडली. आमच्याकडे वाटण्या होतात तेव्हा दोन पिढ्या बोलणं बंद असतं. दिग्याने दोघांना समजावून सांगितलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या संस्थेत इतकी सोपी गोष्ट कुणाला सुचली नव्हती. दोघांनी मान हलवली.

“वाटा नाय असा कोन?” रखमाबायने विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

वाचकहो, त्या क्षणी माझी छाती फुगली. दोन महासत्ता, मध्ये एक घोळ, आणि मी! दिग्यासुद्धा बाजूला. त्यालाही वाटा होता, तो अपात्र होता. मी चार पावलं पुढे गेलो आणि समुद्राकडे तोंड करून उभा राहिलो. खरोखर दुसरा काही विचार नव्हता. समुद्र बघायला आलेला माणूस समुद्राकडेच तोंड करणार.

आणि मग मला सावली दिसली.

सकाळचं ऊन पाठीमागून येत होतं. माझ्या पायांपासून माझी सावली पाण्याकडे लांब पसरली होती आणि तिच्या शेजारी रखमाबायची. ती सरकली की सावली सरकायची. ती वाकली की सावली वाकायची. पाठ फिरवल्यावर घोळीचा वाटा उजव्या हाताला येतो, हे मी आधीच पाहिलेलं होतं. सावली माझ्या सावलीत मिसळली.

“ह्यो कुनाचा?”

मधला. सरंगे. मी डोळे मिटायला हवे होते. ते मला तेव्हाही माहीत होतं. पण ‘गेलास’ हा शब्द डोक्यात वाजत होता आणि टोपीवाल्याच्या हातातला पाइप डोळ्यांसमोर होता. मी म्हणालो, “चष्मेवाल्यांचा.”

सावली उजवीकडे गेली.

“ह्यो?”

“टोपीवाल्यांचा.”

उरलेले बोंबील दिग्याचे. हे म्हणताना मला जो आनंद झाला त्याची मला आजही लाज वाटते, पण आनंद झाला हे खरं आहे. मी वळलो तेव्हा टोपीवाला हसत घोळ उचलत होता. दिग्या बोंबील मोजून पिशवीत भरत होता, जसं काही त्याला हेच हवं होतं. रखमाबाय माझ्याकडे बघत होती. 

चष्मेवाला हळूहळू माझ्याजवळ आला. रशियनमध्ये म्हणाला, “तुमच्याकडे सकाळचा सूर्य फार बोलका असतो.”

मला वाटलं, हवेचं कौतुक करतोय. मी म्हटलं, “हो, थंडीत फार छान असतो.”

दुपारी रखमाबायच्या ओटीवर जेवण झालं. तांदळाची भाकर, ओल्या बोंबलाचं लाल कालवण, आणि निखाऱ्यावर भाजलेला एक एक सरंगा. मी इतकं जेवलो की टोपीवाल्याने माझ्या पाठीवर थोपटलं. जमलं, असं मी मनात म्हटलं. रशियन माझ्याशी दोनदा बोलला होता, अमेरिकनाला घोळ मिळाली होती. दोन्ही माना हलणार. दिग्याच्या थर्मासकडे पाहून मी ठरवलंसुद्धा की आपण निळ्या रंगाचा घ्यायचा.

पुन्हा दांडी

चौथ्या दिवशी पाण्याच्या शेवटच्या बाटल्या भरायला पुन्हा तिथेच गेलो. साहेब लोक होडीतून आत गेले. होडीत चारच माणसं मावत होती, त्यामुळे मी अर्थातच काठावर. रखमाबाय वलांडीवर बोंबील उलटेपालटे करत होती. मी तिला म्हणालो, “तुमची ती वाट्यांची रीत फार छान. मी पुण्याला जाऊन सगळ्यांना सांगणार आहे.”

“सांगा,” ती म्हणाली. बोंबील टांगत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “पन सांगताना पुरी सांगा. सकालच्या पारी वाटा घालायचा तं मानूस डोंगराकडं त्वांड करून उभा राहतो. ऊन डोल्यांत पायजे. सांजच्याला दर्याकडं. हे आमच्या पोराटोरांना बी ठावं हाय.”

मी तिथेच वाळूत बसलो.

“तुम्ही मग तेव्हाच का नाही बोललात?”

“पाव्हना हायेत तुमी. पाव्हन्याला चार मानसांत काय बोलायचा? नी मला वाटला, आपसूक डोले मिटतील.” तिने एक बोंबील खाली पडलेला उचलून झटकला. “तुमाला कायतरी हवा व्हता. ज्याला हवा असतो त्याला उभा करू नये. चूक माजी.”

तिने चूक स्वतःकडे घेतली, ते मला सगळ्यात जास्त लागलं. शिवी दिली असती तर मी उलट बोललो असतो. चष्मेवाल्याचा बोलका सूर्य आता माझ्या डोक्यात बरोबर उगवला. तो बाजूला उभा होता. त्याने माझी मान कुठे वळते ते पाहिलं होतं. बारकाईने बघून नोंद करणं हा त्याचा धंदाच.

निघताना रखमाबायने केळीच्या सोपटाने बांधलेल्या दोन पुड्या माझ्या हातात दिल्या. सुकी मासळी. “येक तुमाला, येक मधल्या साहेबाला. कुठली कुनाची, ते तुमी बघा.” आणि हसली. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणून मी पुडीकडे बघत राहिलो.

वैतरणा

परतीच्या गाडीत दिग्या आणि मी समोरासमोर बसलो. साहेब लोक मोटारीने मुंबईला गेले होते. दोन मोटारींनी, हे सांगायला नको. वैतरणेची खाडी आली, पुलाचा आवाज सुरू झाला, खाली भरतीचं पाणी चमकत होतं. तेव्हा तो म्हणाला, “काल दोघांना विचारलं तुझ्याबद्दल.”

“मग?”

“टोपीवाला म्हणाला, हा आधी अर्धा तास रशियन बोलतो आणि दुसऱ्या दिवशी मला मोठा मासा देतो. असल्या माणसाचा मला भरवसा नाही.”

“आणि चष्मेवाला?”

“तो म्हणाला, रशियन उत्तम बोलतो. पण सावलीशीही बोलतो.” दिग्या खिडकीबाहेर बघत होता. “विन्या, सहा महिन्यांत या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. दोघांनी एकाच कागदावर सही केली. संस्थेत लोकांना खरं वाटणार नाही.”

तेल गेलं, तूप गेलं. मला हसावं की रडावं कळेना. दोन महासत्तांना एकत्र आणायला मोठमोठे मुत्सद्दी थकले, ते मी चार दिवसांत केलं आणि ते माझ्या नावावर काट मारायला केलं.

“तू काय म्हणालास?” मी विचारलं. खरं तर एवढंच मला जाणून घ्यायचं होतं.

“मी काहीच म्हणालो नाही.”

“माझ्या बाजूने एक शब्द?”

“तुझ्या बाजूने बोललो असतो तर मला बाजू आहे असं झालं असतं.” तो हे अगदी हळू म्हणाला. त्याचे डोळे ओले झाले असावेत. मी नीट पाहिलं नाही. “माझं काम तेवढंच आहे रे. माझी बाटली कुणी उघडत नाही, माझं मत कुणी विचारत नाही. व्हरांड्यात झोपतो. सहा महिन्यांत मी मनापासून बोललेलं वाक्य आत्ता हे.”

हे ऐकून माझा हेवा जायला हवा होता. गोष्टीतल्या माणसाचा गेला असता. माझा गेला नाही. उलट वाटलं, असं गप्प बसणंसुद्धा याला कसं साधतं! मला ते घोळीपुरतंही साधलं नाही.

पूल संपला. मी पिशवीतून त्या दोन पुड्या काढून बाकावर ठेवल्या. बाहेरून अगदी सारख्या. दिग्याने ओळखलं. “पाठ कर,” तो म्हणाला.

मी उठलो. डब्याच्या एका बाजूला पश्चिमेची खिडकी होती, गार वारा येत होता, खाडी अजून दिसत होती. मी दुसऱ्या बाजूला वळलो. पूर्वेच्या खिडकीतून सकाळचं ऊन सरळ डोळ्यांत शिरलं, पाणी आलं. तरी मी डोळे मिटून घेतले.

“हे कुणाचं?” मागून दिग्याचा आवाज आला.

“तुझं,” मी म्हणालो.

घरी आल्यावर माझी पुडी सोडली. सुके बोंबील निघाले. चांगले होते, आठ दिवस पुरले. दिग्याच्या पुडीत काय निघालं ते मी विचारलं नाही आणि त्याने कळवलं नाही. त्याच्या पत्रांत तसलं काही नसतंच. पण सोडे असणार, सुकवलेली महागडी कोळंबी. मी डोळे मिटले होते म्हणून सांगतो, नक्की सोडेच असणार.